मुंबईच्या वास्तू टिपताना

शहराची ओळख बनलेल्या वास्तूचे छायाचित्र काढताना दोन निर्णय सर्वांत महत्त्वाचे असतात: कुठे उभे राहायचे आणि कोणत्या वेळी. माणसाचा फोटो काढताना त्याला जरा उजवीकडे वळायला सांगता येते. गेटवे ऑफ इंडियाला वळवता येत नाही, राजाबाई टॉवरमागचे आकाश बदलता येत नाही आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपुढची वाहतूक थांबवता येत नाही. वळायचे, सरकायचे आणि थांबायचे ते छायाचित्रकारानेच. कॅमेऱ्याची किंमत, लेन्सचे आकडे आणि संगणकावरचे संपादन यांचा क्रम त्यानंतर लागतो. हा क्रम असा का, हे मुंबईतल्या काही वास्तू समोर ठेवल्या की नीट समजते.

मुंबईत वास्तूंचे फोटो काढण्याची परंपराही जुनी आहे. छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये युरोपात जाहीर झाला आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले छायाचित्रकार. आज ज्या वास्तूंपुढे मोबाइल उंचावलेले दिसतात, त्या तेव्हा उभ्याही राहिलेल्या नव्हत्या. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला, टर्मिनसचे बांधकाम त्याच वर्षी सुरू होऊन सुमारे दहा वर्षे चालले आणि गेटवेचे उद्घाटन झाले ते ४ डिसेंबर १९२४ रोजी. कॅमेरा या शहरात आधी आला, या वास्तू नंतर आल्या. त्यामुळे त्यांचे असंख्य फोटो आधीच निघालेले आहेत आणि नव्याने काढणाऱ्यावर थोडा अधिक विचार करण्याची जबाबदारी येते.

अंतर ठरवते ते लेन्स ठरवत नाही

गेटवेच्या पायथ्याशी उभे राहून मोबाइलच्या रुंद लेन्सने फोटो काढला, तर २६ मीटर उंचीची कमान चौकटभर पसरते आणि मागचे ताजमहाल हॉटेल तिच्या कडेला कुठेतरी लहानसे दिसते. एलिफंटाला जाणाऱ्या लाँचमधून अर्धा-पाऊण किलोमीटर आत गेल्यावर लांब पल्ल्याच्या लेन्सने तोच देखावा टिपला, तर ताजचा घुमट कमानीच्या वर उठतो आणि दोन्ही वास्तू जणू एकमेकींना खेटून उभ्या असल्यासारख्या वाटतात. हा लेन्सचा परिणाम आहे असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तो अंतराचा आहे. जवळून पाहताना पुढची वस्तू आणि मागची वस्तू यांच्या अंतरांत मोठी तफावत असते, म्हणून पुढची मोठी दिसते. लांब गेल्यावर दोन्ही अंतरे जवळपास सारखी होतात आणि वास्तू आपल्या खऱ्या मापांच्या जवळ येतात. चित्रकलेच्या अभ्यासात याला यथार्थदर्शन म्हणतात. लेन्स फक्त त्या जागेवरून किती रुंद पट्टा चौकटीत घ्यायचा हे ठरवते. पडताळा घ्यायचा असेल तर एकाच जागेवरून रुंद आणि लांब अशा दोन्ही लेन्सनी फोटो काढावा आणि रुंद फोटोचा मधला भाग कापून मोठा करावा. वास्तूंचे परस्परांशी प्रमाण दोन्हींत अगदी सारखे निघते.

हे समजले की झूम करण्याच्या सवयीची जागा चालण्याची सवय घेते. आधी मोकळ्या हातांनी वास्तूभोवती फिरावे, पुढच्या-मागच्या गोष्टी एकमेकींच्या आड कुठे जातात आणि कुठे सुटतात ते पाहावे, जागा पक्की झाली की मगच लेन्स निवडावी. चार पावले डावीकडे सरकल्याने दिव्याचा खांब घुमटावरून बाजूला होतो. दहा पावले मागे गेल्याने मागची उंच इमारत मनोऱ्याआड लपते. नंतर संगणकापुढे अर्धा तास बसून जे साधायचे, ते इथे अर्ध्या मिनिटात आणि खरेपणा राखून साधते.

राजाबाई टॉवरसाठी ओव्हल मैदान ही निसर्गतःच लाभलेली जागा आहे. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केलेला आणि प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला हा मनोरा सुमारे ८५ मीटर उंच आहे. मैदानाची पूर्ण रुंदी मध्ये असल्यामुळे तो मान फार वर न करता चौकटीत मावतो आणि पुढे माडांची रांग मिळते. मैदानाच्या एका बाजूला व्हिक्टोरियन गॉथिक वास्तू आणि समोरच्या बाजूला आर्ट डेको इमारती अशा या समूहाला युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा मानले. खरे तर या ठिकाणचा विषय एकटा मनोरा नाहीच. मधल्या मैदानावर क्रिकेट चाललेले असताना दोन शतकांची वास्तुकला समोरासमोर उभी आहे, हा त्याचा विषय आहे. दोन्ही बाजू एका चौकटीत येणे अवघड असले, तरी मैदानाच्या टोकाला उभे राहिल्यास ते जमते.

टर्मिनससमोर अशी मोकळी जागा नाही. रस्त्याच्या पातळीवर उभे राहिले की बस आणि टॅक्सींमुळे इमारतीचा खालचा मजला झाकला जातो. समोर महापालिकेच्या मुख्यालयाशेजारी खास यासाठी उभारलेला उंच सज्जा आहे. तिथून वाहनांच्या वरून पाहता येते. ही दोन्ही गॉथिक धाटणीची बांधकामे एकाच वास्तुविशारदाची, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची आहेत. त्यामुळे एकीकडे पाठ करून दुसरीकडे पाहणाऱ्या छायाचित्रकाराने निदान एकदा तरी मागे वळून पाहावे.

सरळ भिंती

उंच इमारतीचा फोटो बिघडतो तो बहुधा एकाच कारणाने: कॅमेरा वर वळवला जातो आणि भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. डोळ्यांना प्रत्यक्षात हे जाणवत नाही, कारण भिंती सरळ आहेत हे मेंदूला ठाऊक असते. सपाट कागदावर मात्र तो झुकाव लगेच दिसतो आणि वास्तू मागे कलंडत असल्याचा भास होतो.

याचे भौमितिक कारण साधे आहे. कॅमेऱ्यातला संवेदक, म्हणजे ज्यावर प्रतिमा उमटते ती पट्टी, भिंतीला समांतर असेल तोवर उभ्या रेषा उभ्याच राहतात. कॅमेरा वर वळला की पट्टी तिरकी होते आणि वरचा भाग दूरचा असल्याने लहान होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले काचेच्या पट्ट्यांवर काढलेले वास्तूंचे फोटो पाहिले तर त्यांतल्या भिंती ताठ उभ्या दिसतात. भात्याच्या त्या कॅमेऱ्यांत मागची काच उभी ठेवून पुढची लेन्स तेवढी वर सरकवता येत असे. हीच सोय छोट्या कॅमेऱ्यांसाठी निकॉनने १९६२ मध्ये सरकणाऱ्या ३५ मिलिमीटर लेन्सच्या रूपात आणली आणि आज तिला शिफ्ट लेन्स म्हणतात. ती महाग असते, हाताने फोकस करावी लागते आणि हौशी माणसाला तिची गरज नाही.

तिच्यावाचूनही तीन मार्ग उरतात. पहिला मागे जाण्याचा: अंतर वाढले की कॅमेरा कमी वळवावा लागतो. दुसरा थोडे उंच जाण्याचा, आणि टर्मिनससमोरचा सज्जा त्यासाठीच उपयोगाचा आहे. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त. कॅमेरा उभा धरून अगदी क्षितिजाच्या पातळीत ठेवायचा, रुंद लेन्सने पायापुढचा रस्ताही चौकटीत येऊ द्यायचा आणि नंतर खालचा अनावश्यक भाग कापून टाकायचा. मोठ्या संवेदकाच्या कॅमेऱ्यांत पिक्सेल इतके असतात की हा तोटा परवडतो. पावसाळ्यात तर तो पुढचा ओला रस्ताच चौकटीचा चांगला भाग ठरतो.

हे शक्य नसेल तर संपादनात उभ्या रेषा सरळ करता येतात. मात्र त्याची तयारी फोटो काढतानाच करावी लागते. संगणक वरचा आकुंचलेला भाग दोन्ही बाजूंना ताणतो, त्यामुळे वरच्या कोपऱ्यांतले बरेच काही चौकटीबाहेर जाते. ज्याने मनोऱ्याच्या दोन्ही अंगांना आणि डोक्यावर मोकळे आकाश ठेवलेले नाही, त्याला भिंती सरळ करायच्या की कळस ठेवायचा यातून एकच निवडावे लागते. फार जवळून काढलेल्या फोटोत रेषा शंभर टक्के सरळ केल्या तर इमारत वरच्या बाजूला रुंद आणि जड भासते. तिथे किंचित झुकाव शिल्लक ठेवणे नजरेला अधिक खरे वाटते.

चौकटीत काय राहू द्यावे

चौकटीचे आडवे-उभे तीन भाग कल्पून महत्त्वाची गोष्ट त्या रेषांवर ठेवावी, हा तृतीयांशाचा नियम जवळपास प्रत्येक मोबाइलच्या पडद्यावर रेघांच्या रूपात दिसतो. इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ याने १७९७ मध्ये निसर्गचित्रांसंबंधी तो मांडला. निसर्गदृश्यात तो कामी येतो. गेटवे किंवा टर्मिनस यांसारख्या वास्तूंच्या बाबतीत मात्र तो आंधळेपणाने लावू नये, कारण त्यांचे सौंदर्यच डाव्या-उजव्या बाजूंच्या समतोलात आहे. समतोल दाखवायचा तर मध्यरेषेवर अचूक उभे राहावे. हातभर चुकले तरी ते दिसते. तो दाखवायचा नसेल तर स्पष्टपणे बाजूला जाऊन कोपऱ्यातून टिपावे. या दोहोंच्या मधली अर्धवट जागा सर्वांत वाईट.

पुढे काहीतरी असावे, म्हणजे चित्राला खोली येते. ओव्हलवरचा माड, मरीन ड्राइव्हच्या काठावरचे चौपायी काँक्रीटचे ठोकळे, गेटवेसमोर बांधलेल्या लाँच, वांद्र्याच्या किल्ल्याच्या भिंतीतली कमान, हे सगळे नजरेला आत नेण्याचे काम करतात. मरीन ड्राइव्हचा वक्राकार काठ तर स्वतःच नजरेला वाट दाखवणारी रेषा आहे. माणसे चौकटीबाहेर काढण्याचा आटापिटाही सहसा नको. टर्मिनसच्या दारातून बाहेर पडणारी गर्दी हा त्या वास्तूचा उपयोग आहे, आणि शेजारी माणूस असल्याशिवाय दारावरचे सिंह आणि वाघ केवढे आहेत ते कळत नाही.

संपूर्ण वास्तू टिपण्याचा हव्यास सोडला तर तपशील मोकळे होतात. टर्मिनसच्या मुख्य घुमटावर उभी असलेली प्रगतीची मूर्ती, दर्शनी भागावरचे कोरीव प्राणी-पक्षी आणि पाने, रंगीत काचा या प्रत्येकाचा स्वतंत्र फोटो होऊ शकतो. त्यासाठी दोनशे मिलिमीटरच्या आसपासची लेन्स लागते आणि अर्थातच उजेड तिरका लागतो.

ऊन, पाऊस आणि तिन्हीसांजा

दगडावरचे कोरीवकाम दिसते ते सावलीमुळे. समोरून पडलेल्या उजेडात नक्षी सपाट होते. बाजूने, भिंतीला घासून गेलेल्या उन्हात तीच उठून येते. म्हणून वास्तू कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे आधी पाहावे लागते. टर्मिनसची दर्शनी बाजू पश्चिमेकडे आहे आणि ओव्हलकडची राजाबाई टॉवरची बाजूही पश्चिमेलाच. दोघांनाही ऊन मिळते ते दुपारनंतर. सकाळी तिथे पोहोचणाऱ्याला सावलीतली भिंत आणि तिच्यामागे पांढरे पडलेले आकाश मिळते. संध्याकाळी ओव्हलवर समोरच्या इमारतींच्या सावल्या मैदान व्यापतात आणि मनोऱ्याचा वरचा भाग तेवढा उन्हात राहतो. ही काही मिनिटे साधण्यासारखी असतात. कुर्ल्याच्या फिकट पिवळ्या दगडाला तेव्हा जो रंग चढतो, तो कोणत्याही फिल्टरने येत नाही.

गेटवेचे उलट आहे. त्याची समुद्राकडची बाजू पूर्वेला असल्याने उगवतीचे ऊन तिच्यावर पडते आणि ते टिपायला पाण्यात असावे लागते. लाँच हलत असते, म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून कमी ठेवू नये. जमिनीवरून पाहणाऱ्याला त्याच वेळी कमानीतून येणारा उजेड आणि काळी आकृती मिळते. तेही चित्र चांगले होते, पण त्यात दगड दिसत नाही.

दुपारचे ऊन मुंबईत फारच कडक. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य इथे बरोबर डोक्यावरून जातो आणि शून्य सावलीचा दिवस येतो. या दिवसांच्या आसपास भर दुपारी छज्जे आणि कमानी यांच्याखाली काळ्या पट्ट्या पडतात आणि बाकीचा दगड पांढुरका होतो. ही वेळ जागा शोधून ठेवण्यासाठी वापरावी.

वर्षभरात मावळतीचा बिंदूही बराच सरकतो. मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरमधला आणि जूनमधला सूर्यास्त यांच्या दिशांमध्ये सुमारे ५० अंशांचा फरक असतो. दादर किंवा माहीमच्या किनाऱ्यावरून वांद्रे-वरळी सागरी सेतू पश्चिमेला दिसतो. तिथे हिवाळ्यात सूर्य वरळीच्या अंगाला आणि उन्हाळ्यात वांद्र्याच्या अंगाला मावळतो. सेतूच्या तारांमागे सूर्य हवा असेल तर तो कोणत्या आठवड्यात येईल हे दिशा सांगणाऱ्या ॲपवर आधी बघावे आणि किनाऱ्यावर आपली जागा त्याप्रमाणे बदलावी.

हवामानाचाही हिशेब आहे. हिवाळ्यातल्या सकाळी शहरावर धूर आणि धुके मिळून करडा पडदा असतो. दूरच्या वास्तूंचे रंग त्यात विरतात, आकार मात्र थरांसारखे सुटे होतात. पावसाळ्यात एक जोरदार सर ओसरली की हवा धुतली जाते आणि दूरवरचे तासभर स्वच्छ दिसते. भिजलेल्या फरशीवर इमारतीचे प्रतिबिंब पडते. ते पकडण्यासाठी कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर न्यावा लागतो. मुंबईच्या वास्तूंसाठी हाच सर्वांत चांगला काळ आहे, आणि नेमक्या याच काळात बहुतेक कॅमेरे कपाटात असतात.

सूर्य बुडाल्यानंतर लगेच निघून जाणे ही नेहमीची घाई. सूर्य क्षितिजाखाली चार ते सहा अंश गेला की आकाश गडद निळे होते आणि इमारतींवरच्या दिव्यांचा उजेड त्याच्या तोडीस तोड असतो. छायाचित्रकार याला ब्लू अवर म्हणतात. उत्तरेकडच्या देशांत तो बराच वेळ रेंगाळतो. मुंबईत सूर्य सरळ खाली जात असल्याने हा काळ सूर्यास्तानंतर साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटांच्या मध्ये येतो आणि संपतो. त्याआधीच ट्रायपॉड लावून, चौकट ठरवून तयार असावे लागते. पुरता अंधार झाल्यावर आकाश काळे होते आणि वास्तूची कडा त्यात हरवते.

रात्री आयएसओ १०० च्या आसपास, छिद्र एफ-८ ते एफ-११ आणि दहा ते तीस सेकंदांचा अवधी ठेवला तर मरीन ड्राइव्हवरच्या गाड्यांच्या दिव्यांच्या अखंड रेघा उमटतात. शटर हाताने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर ठेवावे. मोबाइलचा नाइट मोड हे काम वेगळ्या पद्धतीने करतो: अनेक छोटे फोटो काढून ते एकमेकांवर बसवतो. स्थिर वास्तूंसाठी ते पुरेसे चांगले असते, पण हलत्या वस्तूंच्या कडा त्यात तुटतात.

संपादन

संपादनाची सुरुवात फाइलच्या प्रकारापासून होते. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगासाठी उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात. चांगल्या कॅमेऱ्याच्या चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात. सावलीतली कमान उजळवताना किंवा पांढऱ्या पडलेल्या ढगाला आकार परत देताना हा फरक प्रत्यक्ष दिसतो. लाइटरूम, फोटोशॉप यांसारखी विकतची साधने आहेत, तसेच डार्कटेबल, गिंप आणि मोबाइलवरचे स्नॅपसीड ही मोफतही आहेत. कामाचा क्रम सर्वांत सारखाच.

आधी लेन्समुळे आलेली वक्रता काढावी, मग क्षितिज आणि उभ्या रेषा सरळ कराव्यात, मग चौकट कापावी. समुद्र चौकटीत असेल तर क्षितिज एक अंशानेही कललेले चालत नाही. त्यानंतर रंगांचा तोल. इथे मुंबईची एक खास अडचण आहे. संध्याकाळच्या एकाच चौकटीत निळे आकाश, पिवळे रस्त्यावरचे दिवे, पांढरे एलईडी आणि वास्तूवर सोडलेले रंगीत झोत असतात. कॅमेऱ्याला यातले एकच प्रमाण मानता येते. तोल दगडावर साधावा आणि दिव्यांना पिवळे राहू द्यावे. मरीन ड्राइव्हवर २०१५ मध्ये पांढरे एलईडी बसवले गेले तेव्हा ‘राणीचा हार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दिव्यांच्या रांगेचा रंग गेला म्हणून मोठी ओरड झाली आणि पुढे पिवळसर उजेड परत आणावा लागला. पिवळेपणा ही त्या जागेची ओळख असेल, तर संपादनात तो ‘दुरुस्त’ करून टाकणे चूकच.

उजेडाचा पल्ला जुळवताना सर्वाधिक अतिरेक होतो. आकाश आणि सावलीतली भिंत एका फोटोत मावत नसतील तर दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन फोटो काढून ते एकत्र करतात. पद्धत उपयुक्त आहे. मात्र सगळी सावली उजळून टाकली की मनोऱ्याच्या कडेभोवती पांढरे वलय येते, कमानींची खोली जाते आणि दगड प्लास्टिकचा दिसू लागतो. कमानीखाली अंधार असतोच. तो थोडा तरी राहिला पाहिजे. पोत वाढवणारे क्लॅरिटीचे बटण फार ओढले तर वर्षानुवर्षांची काजळी दगडावर परत चढल्यासारखी दिसते. धुके हटवणारे बटणही जपून, कारण ते आकाशाचा निळा अवास्तव गडद करते. याउलट, निवडक जागी थोडा उजेड आणि थोडी छाया देणे हे अंधारखोलीच्या काळापासूनचे कसब आजही सर्वांत सुंदर परिणाम देते. दर्शनी भाग किंचित उजळ आणि चौकटीच्या कडा किंचित दबलेल्या, इतकेच. रेखीवपणा वाढवणे सर्वांत शेवटी, आणि तेही फोटो कुठे छापायचा किंवा दाखवायचा हे ठरल्यावर.

गर्दी हटवण्याचा एक प्रामाणिक मार्ग आहे. ट्रायपॉडवरून काही सेकंदांच्या अंतराने दहा-पंधरा फोटो काढावेत आणि संगणकाला प्रत्येक बिंदूचे मध्यक मूल्य घ्यायला सांगावे. जे हलते ते पुसले जाते, जे उभे असते ते राहते. छायाचित्रणाचा आद्य शोधक लुई दागेर याने १८३८ मध्ये पॅरिसच्या रस्त्याचा फोटो काढला तेव्हा काही मिनिटांच्या अवधीत सगळी रहदारी अशीच नाहीशी झाली होती. बुटांना पॉलिश करून घेत स्थिर उभा राहिलेला माणूस तेवढा उमटला.

यापुढे प्रश्न येतो तो सत्याचा. फेब्रुवारी १९८२ च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठासाठी गिझाच्या पिरॅमिडांचा आडवा फोटो उभ्या चौकटीत बसवायचा होता. तेव्हा संगणकाच्या मदतीने दोन पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले गेले. छायाचित्रकार थोडा बाजूला उभा राहिला असता तर असेच दिसले असते, असे त्याचे समर्थन झाले. हे समर्थन पटण्यासारखे नाही. छायाचित्रकार तिथे उभा राहिला नव्हता, आणि वाचकाने फोटोवर विश्वास ठेवला तो कोणीतरी तिथे उभे राहून पाहिले म्हणून. सरकायचे असेल तर पायांनी सरकावे.

आज हाच प्रकार मोबाइलवर बोटाच्या एका फटक्यात होतो. आकाश बदलले जाते आणि मावळतीच्या केशरी ढगांखाली भिंतीवर मात्र माथ्यावरच्या उन्हाच्या सावल्या राहतात. कृत्रिम बुद्धिमत्ता चौकट रुंद करून देते आणि नसलेल्या खिडक्या रचते. सर्वांत जास्त फसवणूक चंद्राची होते. चंद्र आकाशात साधारण अर्ध्या अंशाचा असतो. म्हणजे एक किलोमीटर दूरच्या वास्तूशेजारी तो सुमारे नऊ मीटर रुंदीच्या वस्तूइतका दिसतो. ओव्हलच्या पलीकडून, दोनशे मीटरांवरून राजाबाई टॉवरमागे उगवणारा चंद्र दोन मीटरांहूनही लहान भासणार. गेटवेइतका मोठा चंद्र हवा असेल तर गेटवेपासून तीन किलोमीटर लांब जावे लागेल, आणि जमिनीवर तेवढ्या लांबून मधल्या इमारतींमुळे गेटवे दिसणारच नाही. मनोऱ्याएवढा चंद्र आणि जवळून टिपलेली वास्तू एकाच चौकटीत दिसली, तर ते दोन फोटोंचे कलम आहे हे या एका हिशेबावरून सांगता येते. खरा मोठा चंद्र सागरी सेतूबरोबर मिळू शकतो. त्याचे १२८ मीटर उंचीचे खांब काही किलोमीटरांवरूनही समुद्रावरून उघडे दिसतात. उगवत्या चंद्रासाठी पौर्णिमेपेक्षा चतुर्दशी बरी. त्या दिवशी तो सूर्यास्ताच्या आधी वर येतो आणि वास्तूवरही उजेड शिल्लक असतो.

धूळ, लेन्सवरचा थेंब, उडत्या पक्ष्याचा अर्धा पंख हे पुसायला हरकत नाही. विजेच्या तारा, जाहिरातीचा फलक, मागची नवी इमारत हे मात्र त्या दिवशीच्या शहराचा भाग असतात. कॅलेंडरसाठी या गोष्टी काढल्या तर तसे लिहावे. बातमी, दस्तऐवज किंवा वारसाविषयक नोंदीसाठी काढूच नयेत.

परवानगी आणि नोंद

भारतीय स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार इमारतींचे आणि सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पांचे फोटो काढणे व प्रसिद्ध करणे हा हक्कभंग ठरत नाही. मात्र ताजमहाल हॉटेलच्या इमारतीच्या प्रतिमेची २०१७ मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली आहे. स्वतःच्या मालावर तिचे चित्र छापून विकणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. रेल्वेच्या हद्दीत व्यावसायिक चित्रणासाठी परवानगी लागते. ड्रोनला २०२१ चे ड्रोन नियम लागू होतात. नौदलाच्या तळाला लागून असलेल्या दक्षिण मुंबईत पोलिसांचे मनाई आदेशही वेळोवेळी निघतात, त्यामुळे तिथे ड्रोन परवानगीशिवाय उडवू नये.

छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले तर १२ बाय १८ इंचांच्या फोटोला ३६०० बाय ५४०० पिक्सेल, म्हणजे सुमारे १ कोटी ९४ लाख पिक्सेल लागतात. चौकट कापताना हा आकडा डोळ्यांसमोर असावा. मूळ रॉ फाइल हात न लावता वेगळी ठेवावी, आणि तिच्यासोबत जागा, दिशा, तारीख व केलेले बदल लिहून ठेवावेत. वास्तू स्थिर वाटल्या तरी बदलतात. टर्मिनसच्या घड्याळाखालच्या कोनाड्यात राणी व्हिक्टोरियाचा पुतळा दिसत असेल तर तो फोटो जुन्या काळातला, कारण स्वातंत्र्यानंतर पुतळा तिथून हलवला गेला. सागरी सेतूच्या वरळीकडच्या टोकाला किनारी रस्त्याच्या पुलाच्या धनुष्याकृती कमानी दिसल्या तर तो २०२४ किंवा त्यानंतरचा. ओव्हलवरून काढलेल्या राजाबाई टॉवरच्या फोटोत अशी ठळक खूण सहसा सापडत नाही. तिथे फाइलमध्ये लिहिलेल्या तारखेवरच विसंबावे लागते.